जरा जास्त आहे

१४ जून २०२४ च्या शुक्रवारी शंभू पाष्टेने आमच्या जेवणाच्या टेबलावर ४८५ दिनार ५०० फिल्स ठेवले. दिनारांना रबरबँड लावलेला होता आणि अर्ध्या दिनारची नोट सगळ्यांत वर होती.

रक्कम कस्तुरीच्या सहलीची होती. कस्तुरी ही शंभूची एकुलती मुलगी, इथे बहरीनमधल्या एका खाजगी विद्यापीठात पर्यावरणाच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या विभागातली मुलं ऑगस्टमध्ये नामिबिया, बोत्स्वाना आणि झिम्बाब्वे अशी ट्रकमधून फिरणार होती, रोज नव्या जागी तंबू ठोकून राहणार होती. निम्मा खर्च विद्यापीठ देणार होतं. उरलेले पैसे कार्डावरून भरायचे होते आणि शंभूकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे आला. मी पैसे भरले. चलनाच्या दरामुळे कार्डावर ४८७ दिनार पडले.

"म्हंजे दीड दिनार तुमचा राहिला," शंभू म्हणाला. "कस्तुरी परत आली की आणून देतो."

"अहो शंभूभाऊ, दीड दिनारासाठी तुबलीहून येणार का?" माझी बायको मेधा म्हणाली.

"वहिनी, साहेब मराठी मंडळाचे खजिनदार. दीड दिनार सोडतील, पण रात्री झोपायचे नाहीत."

त्यात तथ्य होतं. आम्ही हसलो.

शंभू लांजा तालुक्यातला. विशीत बहरीनला आला आणि तुबलीतल्या एका शिलाईच्या वर्कशॉपमध्ये लागला. उन्हाळ्यात गाड्यांची सीट-कव्हरं, सप्टेंबरपासून तंबू. हिवाळ्यात इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून महिनेच्या महिने राहतात. बाहेरून जाड पांढरं कापड, आतून लाल-काळ्या नक्षीचं अस्तर. ते तंबू शंभू शिवायचा. पुढे तो तिथला फोरमन झाला, पगार फॅमिली व्हिसापुरता वाढला, आणि लक्ष्मीवहिनी तीन वर्षांच्या कस्तुरीला घेऊन आल्या. वहिनी शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळायचं काम करत.

माझी त्याची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मखराचे पडदे तो फुकट शिवून द्यायचा आणि धाग्याचं बिल मात्र माझ्याकडून पैशापैशाने वसूल करायचा. पण मंडळात शंभूला सगळे ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा कुणी इथे वारला, की गावी फोन शंभू करायचा.

हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. पहिल्यांदा त्याच्याच खोलीतला एक मुलगा अस्करच्या एका साइटवर पडून गेला, तेव्हा दुसऱ्या कुणाला फोन उचलवेना म्हणून त्याने केला. मग ते त्याच्याकडेच राहिलं. त्याची पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी तो फक्त एवढं सांगायचा, "जरा जास्त आहे. डॉक्टर बघतायत." दुसऱ्या दिवशी, "अजून तसंच आहे. देवाला नारळ ठेवा." तिसऱ्या दिवशी तो बाईशी बोलायचाच नाही. घरातल्या मोठ्या पुरुषाला बाजूला घ्यायला सांगायचा आणि मग खरं ते बोलायचा. तोवर इकडे मी आणि मंडळातले आणखी दोघे कागद करत असू. मृत्यूचा दाखला, पोलिस, दूतावास, कंपनीचं पत्र, विमानातली जागा. चार दिवस लागतात, मध्ये सुट्टी आली तर पाच.

मला ती पद्धत पटत नसे. मी एकदा त्याला तसं म्हणालो.

"साहेब, तुम्ही बी.कॉम. झालेले," तो म्हणाला. "एवढी मोठी रक्कम कुणाकडून एकदम वसूल करता काय? हप्ते बांधून देता ना? पहिल्या दिवशी सांगितलं तर माणूस घरी पोचेस्तवर चूल पेटायची नाय. आई चार दिवस दाराकडे बघत उपाशी बसणार. सुतक धरायला समोर काय? नुसता फोन."

या गोष्टी त्यांच्या एका खोलीच्या घरात, कस्तुरीच्या देखत होत. ती कॉटवर बसून अभ्यास करायची आणि बाप कोपऱ्यात उभा राहून कुणाच्या तरी आईला धीर द्यायचा. ती आठ-नऊ वर्षांची असताना मी एकदा तिथे होतो. शंभूने फोन ठेवला तशी ती म्हणाली, "बाबा, पण ते अंकल तर गेले ना? यू सेड सो."

"गेले गं," शंभू म्हणाला. "पण त्यांच्या घरी अजून गेले नाहीत."

त्यावर तिने उठून बापाला पाणी आणून दिलं. असे फोन केले की शंभूचा चेहरा कसा व्हायचा ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

सहलीचं ठरल्यावर शंभूने तिच्यासाठी अंथरुणाची पिशवी शिवली. वर तंबूचंच पांढरं कापड, आत नक्षीचं अस्तर, कडेला दुहेरी शिलाई, एक आतला खिसा पासपोर्टसाठी. विमानतळावर निघताना कस्तुरी म्हणाली, "बाबा, एव्हरीवन विल लाफ. स्लीपिंग बॅग मिळते तिकडे."

"मिळते ती चीनची," शंभू म्हणाला. "तिकडे ऑगस्टात थंडी असते, मी विचारलंय. आणि तंबूची शिलाई बघून घे. एकेरी असली तर दाराकडे झोपू नको, पाणी येतं."

"बाबा, तुम्ही कधी झोपलाय का तंबूत?"

"नाय. मी फक्त श्रीमंतांना झोपवतो."

पहिला आठवडा चांगला गेला. नामिबियातून रोज संध्याकाळी फोटो येत. शंभू ते वर्कशॉपमधल्या सगळ्यांना दाखवायचा, आणि त्याला त्यांत वाळूचे डोंगर किंवा जिराफ दिसत नसत. तो बोटाने फोटो मोठा करून तंबूचे कोपरे बघायचा. "बघा, साहेब. दोर कुठं बांधलाय. गाढव आहेत." मग मुलं बोत्स्वानात नदीच्या मुखाकडच्या दलदलीत गेली. तिथल्या बेटावर लाकडी होडीतून जावं लागतं, तीन दिवस फोनला रेंज नसते. हे आधीच कळवलेलं होतं.

त्याच तीन दिवसांतल्या पहिल्या दिवशी दुपारी शंभू वर्कशॉपमध्ये मशीनवर बसलेला असताना कलंडला.

मालकाचा सुपरवायझर वकार त्याला स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात घेऊन गेला आणि तिथून त्याने मला फोन केला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शुद्ध होती. डॉक्टरांनी मला आणि लक्ष्मीवहिनींना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की आत सूज वाढते आहे, दुसऱ्यांदा रक्तस्राव झाला तर काही करता येणार नाही, आणि तो होण्याची शक्यता जास्त आहे. कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कस्तुरी."

आम्ही आत गेलो तेव्हा शंभू जागा होता. डाव्या हाताच्या बोटांनी तो चादरीची कड चाचपत होता, कापड बघताना चाचपायचा तशीच. वहिनींनी वाकून सांगितलं, "कस्तुरीला बोलावलंय." त्याने हात थांबवला आणि डोळे दाराकडे वळवले.

मुलांबरोबर दीप्ती परांजपे नावाच्या पुण्याच्या प्राध्यापिका होत्या. त्यांच्याकडे अडचणीसाठी एक सॅटेलाइट फोन होता. नंबर विद्यापीठाकडून मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो लावला. दीप्तीताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बेटाजवळ एक धावपट्टी आहे, दुपारी एक छोटं विमान दुसऱ्या पाहुण्यांना न्यायला येणार आहे, त्यात एक जागा रिकामी आहे. ती घेतली तर कस्तुरी मौन नावाच्या गावी, तिथून जोहान्सबर्ग आणि तिथून दुसऱ्या दिवशी रात्री बहरीनला पोचेल. जागा महाग होती, पुढचं तिकीट त्याहून महाग. मी म्हणालो, पैशांची काळजी नाही, माझं कार्ड आहे, तिला बसवा. मग त्यांनी कस्तुरीला फोन दिला.

"कस्तुरी, मी शिरीषकाका बोलतोय. बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. तब्येत जरा जास्त आहे. तू आजच्या विमानाने निघ."

हे शब्द मी ठरवून वापरले नाहीत. आपल्याकडे आजारी माणसाबद्दल असंच बोलतात. पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं फोन तुटला.

"कधी, काका?" तिने विचारलं.

"काल दुपारी. वर्कशॉपमध्ये."

"त्रास झाला का त्यांना?"

"अगं, ते आहेत. शुद्धीवर आहेत. तुझी वाट बघतायत. बोलता येत नाही फक्त."

"हो, काका." तिचा आवाज अगदी शांत होता. "तुम्ही आईजवळ थांबा. तिला एकटीला ठेवू नका. मी येते."

मी पुन्हा सांगितलं, ते जिवंत आहेत, विमान चुकवू नकोस. ती पुन्हा "हो, काका" म्हणाली आणि फोन ठेवला. वर जाऊन मी वहिनींना सांगितलं की ती निघते आहे.

ती त्या विमानाने निघाली नाही.

पलीकडे काय झालं ते मला दीप्तीताईंनी नंतर सांगितलं. फोन परत देताना कस्तुरी म्हणाली, "मॅडम, माझे बाबा गेले." त्या म्हणाल्या, अगं, ते तर म्हणतात शुद्धीवर आहेत. कस्तुरी म्हणाली, "ते तसंच म्हणणार. आमच्याकडे पहिल्या दिवशी सांगत नाहीत. बाबाही असंच सांगायचे. हेच शब्द." मग तिने हिशोब केला. बॉडीचे कागद व्हायला चार दिवस, मध्ये सुट्टी, म्हणजे पाच. मुलांबरोबर होडीने बाहेर पडून ट्रकने सहलीच्या शेवटच्या मुक्कामी, झिम्बाब्वेतल्या धबधब्याकडे गेलं, की तिथून तिचं परतीचं तिकीटच थोड्या पैशांत अलीकडे ओढता येणार होतं. चौथ्या दिवशी ती घरी असती. ती म्हणाली, "विमानाचे पैसे आईला लागतील आता. बाबांनाही ते आवडलं नसतं." दीप्तीताईंनी पुन्हा विचारलं, तुझी खात्री आहे? ती म्हणाली, "मॅडम, मी यातच मोठी झाले."

दीप्तीताई पुण्यातल्या बँकवाल्यांच्या घरातल्या. त्यांच्याकडे कुणी असं मेलेलं नव्हतं. रडत नसलेल्या मुलीवर त्यांनी विश्वास ठेवला. दुपारी विमान आलं, पाहुण्यांना घेऊन गेलं. कस्तुरी बापाने शिवलेल्या पिशवीवर बसून मुलांबरोबर बटाटे सोलत होती.

मला हे संध्याकाळी कळलं, दीप्तीताईंनीच फोन करून सांगितलं तेव्हा. मी त्यांच्यावर आवाज चढवला. मग कस्तुरीला द्या म्हणालो. ती फोनवर आली नाही. तिने निरोप दिला, की काकांना सांगा, आईला माझ्याशी बोलायला लावू नका. मला तिला खोटं बोलायला लावायचं नाहीये.

आता काय करायचं? मेधा म्हणाली, तिला बाप दाखवा, म्हणजे झालं. अतिदक्षता विभागात फोन नेऊ देत नव्हते आणि भेटीची वेळ फक्त चार ते पाच होती. तिथे शाजिया नावाची नर्स होती. तिला मेधाने गाठलं. शाजिया आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, उद्या चारला माझी ड्यूटी आहे, दोन मिनिटं फोन मी धरीन, यल्ला, पटकन, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी मुलं होडीतून बाहेर पडून ट्रकने मौन गावी पोचली, तेव्हा तिथे सकाळचे दहा होते. दीप्तीताईंना रेंज मिळाली. मी म्हणालो, चार वाजेपर्यंत तिथेच थांबा, कस्तुरीला तिचे वडील दाखवतो. त्या म्हणाल्या, ट्रक थांबणार नाही, पुढचा रस्ता जंगलातला आहे, अंधार पडल्यावर हत्तींमुळे गाडी नेऊ देत नाहीत, आणि सतरा मुलं बरोबर आहेत. मग म्हणाल्या, बघते, वाटेत कुठे रेंज आली तर. कस्तुरीचा स्वतःचा फोन बंद होता. तिने तो चालू केलाच नाही.

चार वाजता शाजियाने फोन शंभूसमोर धरला. पलीकडे कुणी उचलला नाही. पडद्यावर नुसतं कस्तुरीचं नाव आणि कॉलेजच्या ओळखपत्रावरचा तिचा गोल फोटो दिसत होता. शंभूने तो पाहिला. त्याला वाटलं ती बोलेल. दोन मिनिटांनी शाजियाने फोन खाली घेतला आणि मला म्हणाली, "मफी नेटवर्क, अंकल?" मी मान डोलावली, नेटवर्क नाही म्हणून.

लक्ष्मीवहिनी तेव्हा पुढे झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला "बोलावलंय" सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी "निघाली" सांगितलं होतं. आता त्या त्याचा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, "विमानात बसली हां कस्तुरी. म्हणून फोन लागत नाय. उद्या येतेय."

शंभू दोन दिवस दाराकडे बघत होता. वहिनींचं हे बोलणं ऐकून त्याने त्यांच्याकडे पाहिलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, मला त्याचा चेहरा नीट दिसत होता. बोलावलंय, निघाली, विमानात बसली. ती पद्धत त्याचीच होती. त्याने डोळे छताकडे नेले आणि मिटून घेतले. दाराकडे त्याने पुन्हा बघितलं नाही. वहिनी म्हणत राहिल्या, "खरंच हो. देवाशप्पथ येतेय." चादरीच्या कडेवरचा त्याचा हातही तसाच पडून राहिला.

बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "त्यांना काय वाटलं, भाऊजी? तिचंच काहीतरी झालं, असं तर नाय ना वाटलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शंभू वारला. दाखल्यावर हीच वेळ आहे.

कस्तुरी त्याच दिवशी संध्याकाळी उतरली. मी आणि मेधा विमानतळावर गेलो होतो. पाठीवर बॅग, हातात ती पांढरी पिशवी, बुटांवर तांबडी माती. उन्हाने काळवंडली होती. ती मेधाच्या गळ्यात पडली नाही. जवळ येऊन हलक्या आवाजात, एखाद्या मोठ्या बाईसारखी म्हणाली, "काका, पेपर्स कुठपर्यंत आलेत? दूतावासाची एनओसी झाली का?"

मी म्हणालो, "नाही, बाळा. आजच तर सुरू केलं."

"आज का? चार दिवस झाले."

"आज सकाळी गेले ते. सात दहाला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मेधाकडे पाहिलं. मेधाने मान खाली घातली. कस्तुरी म्हणाली, "नो. काका, नो. आता तरी खरं सांगा. इट्स ओके. आय नो ऑलरेडी."

माझ्या खिशात दाखल्याची झेरॉक्स होती. मी ती तिच्या हातात दिली. तारीख-वेळ इंग्रजीत होती, अरबीतही होती. ती वाचत उभी राहिली. लोक ट्रॉल्या घेऊन आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते. कुणीतरी तिला "एक्स्क्यूज मी" म्हणालं तरी ती हलली नाही. मग तिने एकच विचारलं, "ते दाराकडे बघत होते का?"

मेधा "नाही गं" म्हणायला लागली. मी म्हणालो, "हो. दोन दिवस." खोटं बोलायचं मी त्या घरापुरतं तरी थांबवायचं ठरवलं होतं.

गावी कळवायचं राहिलं होतं. शंभूचा धाकटा भाऊ कैलास लांज्याला असतो, आई त्याच्याकडे. मंडळातल्या कुणाचा हात फोनकडे जाईना, कारण हे काम करणारा माणूसच गेला होता. घरी पोचल्यावर कस्तुरीने आईला भेटायच्या आधी, जिन्यातच, फोन लावला. स्पीकरवर.

"कैलासकाका, कस्तुरी बोलतेय. बाबा गेले."

पलीकडून "आँ?" एवढंच आलं.

"आज सकाळी गेले. मेंदूत रक्तस्राव झाला. मी नव्हते तिथे."

कैलास काही वेळ रडला. मग नाक ओढत म्हणाला, "पोरी, माझ्याशी खोटं बोलू नको. मी शंभूचा भाऊ हाय. खरं किती दिवस झाले?"

"आज सकाळी, काका."

"बरं, बरं," तो समजुतीने म्हणाला. "आईला मी उद्या सांगतो. आज जरा जास्त हाय म्हणतो."

कस्तुरीने फोन ठेवला आणि वर गेली. दार बंद झाल्यावर आतून लक्ष्मीवहिनींचा रडण्याचा आवाज आला.

कागद चार दिवसांत झाले. शंभूला मुंबईमार्गे गावी नेलं, बरोबर आई आणि मुलगी गेल्या. फॅमिली व्हिसा शंभूच्या नोकरीवर होता, तो संपला. त्यामुळे त्या परत आल्या नाहीत, आणि कस्तुरीचं इथलं शिक्षण दुसऱ्या वर्षाशी थांबलं. ती आता रत्नागिरीच्या कॉलेजात जाते, असं कैलास सांगतो. मंडळाच्या बैठकीत फोनचं काम कुणी करायचं हा विषय निघाला होता. कुणी घेतलं नाही. जानेवारीत बुदैयाच्या एका शेतावर काम करणारा मालवणचा माणूस गेला, तेव्हा त्याच्या घरी कंपनीच्या ऑफिसातून इंग्रजी ईमेल गेला. मी पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होऊन ठाण्याला जाणार आहे.

१४ जूनच्या त्या व्यवहारात शंभू पाष्टे यांच्याकडून एक दिनार ५०० फिल्स येणे बाकी आहे.